समाजाला सांगून येऊ

ठाण्यात झालेल्या ज्यू मुलामुलींच्या क्रीडास्पर्धेत सोलापूरच्या याएल किहीमकरनं शंभर मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. परत आल्यापासून ती पदक गळ्यातून काढायलाच तयार नव्हती.

"पप्पा, सात रस्त्याच्या चौकात माझ्या फोटोचा डिजिटल बोर्ड लावू की. चांगला मोठा."

"लावू," तिचे वडील रूबेन म्हणाले. "पण आधी आपल्या समाजाला सांगून येऊ. आणि तितं असला तोरा नको."

याएल हसली. "कुठला समाज? सोलापुरात आता आपलं एकच घर उरलंय. बाकीचे सगळे इस्राएलला गेले."

"सगळे न्हाय गेले," म्हणत रूबेननी स्कूटर काढली.

स्कूटर थांबली ती ज्यूंच्या जुन्या कब्रस्तानाच्या फाटकाशी. गुडघाभर गवतातून वाट काढत दोघं एका आखूड कबरीपाशी आले. दगडावर मराठीत नाव होतं, एझरा किहीमकर. रूबेनचा थोरला भाऊ. शाळेत असतानाच तापानं गेलेला. घरात त्याचं नाव कधी कुणी काढत नसे.

"रोज शर्यत लावायचा माझ्याशी," रूबेन म्हणाले. "एकदाबी मला पुढं जाऊ दिलं न्हाय."

वारा पडलेला होता, तरी कबरीमागचं गवत हललं. याएलनं पदक मुठीत घट्ट झाकून घेतलं.

"काय सांगू काकाला?"



"जिंकले म्हणून सांग, पण हळू आवाजात. सोलापुरात आपणच सगळ्यात जोरात पळतो, असं अजून वाटतंय त्याला."