डोळे मिटून

“बा, तुमचं सॉफ्टवेअर मशीन बनवतं की उदबत्ती?” मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून क्वेनने वडिलांना विचारलंच.

“गप बस, कार्टे!” कंपनीचं सॉफ्टवेअर आपोआप बनवणाऱ्या मशीनवर आज घरूनच नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची होती. काही बिघडलं, तर दा नांग शहरातल्या ऑफिसातला साहेब त्यांना सोडणार नव्हता. अपशकुन नको म्हणून आईने आठवडाभर घरात काळी शाई सोडणारं माकूलसुद्धा शिजवलं नव्हतं. वडिलांनी लॅपटॉपला उदबत्ती ओवाळली आणि डोळे मिटून बटण दाबलं. पडद्यावरच्या सगळ्या खुणा हिरव्यागार!

“आता आणते बाई माकूल!” आई नाचायलाच लागली.

क्वेनने वाकून पाहिलं. सिस्टिम जुनीच होती. सेटिंगमध्ये नवीचं नाव टाकायलाच वडील विसरले होते.



“बा, मा, माझं ठरलं! फार्मसीचं शिक्षण गेलं उडत, मी कॉम्प्युटरच शिकणार. घरात एकाला तरी डोळे उघडे ठेवून बटण दाबता आलं पाहिजे!”