घराची पसंती
माणसाने घर निवडण्याचे युग संपले होते. आता बुद्धिमान घरेच भाडेकरू निवडत. त्या महान युगात अच्युत टिपरे चपला हातात धरून एका फ्लॅटच्या बंद दारापुढे उभे होते. चार घरांचा नकार पचवून झाला होता आणि खाली सामानाचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“जरा चालून दाखवा,” घर म्हणाले. टिपरे चालले.

“टाचा आपटता. घोरता का?”

“छे!”

“अहो, खरं सांगा,” त्यांची बायको वसुधा कुजबुजली. मग दाराकडे वळून म्हणाली, “घोरतात थोडं. पण लयीत.”

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

“पसंत आहात,” घर अखेर म्हणाले. “एकच विनंती. आधीचे भाडेकरू अजून आतच आहेत. त्यांना निघायला तुम्हीच सांगाल का? मला मेलं तोंडावर बोलवत नाही.”