अकरा वर्षांची नोंद

"सगळं काढा. अकरा वर्षांचं," तात्पुरत्या बाई म्हणाल्या आणि सर्व्हरच्या गारठलेल्या खोलीत हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत. हेडक्लार्कबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या, त्या अकरा वर्षं झाली तरी तात्पुरत्याच. घरी सासूबाईसुद्धा विचारायच्या, "काय गं, आजची भाजी कायमची की तात्पुरती?" बाई हसण्यावारी न्यायच्या, पण ते लागायचं. नकाशा विभागात कायम जागा एकच होती आणि आज दुपारी समिती बसणार होती. जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर उद्यापासून घरी.

"समितीला दाखवायचंय काय नेमकं?" सर्व्हरवाल्याने विचारलं. तो येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

"हेच, की शहरातली एकूण एक पाइपलाइन नकाशावर मी चढवलीय. साहेब विचारतात, तुम्ही दिवसभर करता काय?"

"मग निर्धास्त राहा. आपला मुख्य सर्व्हर चोख गडी आहे. कोण कधी आत शिरलं, सामाईक फोल्डरमधली कुठली फाईल उघडली, काय बदललं, कुठल्या प्रिंटरवर कागद काढले, सगळं टिपून ठेवतो. साहेबांसारखं माणसाचं तोंड बघून मत बनवत नाही. तुमचा लॉगिनचा नंबर सांगा."

"एक्केचाळीस." झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितला असता. त्या कचेरीची रीतच होती. खुर्चीबरोबर नंबर आणि पासवर्डची चिठ्ठी हातात पडायची, की माणूस लागला कामाला.

प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. बाईंनी मधलंच एक पान उचललं. मोठी वाहिनी फुटली तो दिवस. लेक तापाने फणफणत असताना त्या सकाळी सहाला कामावर आल्या होत्या. ती वेळ मिनिटासकट कागदावर होती. बाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत आपल्याकडे कुणीतरी बघत होतं, या विचाराने त्यांना फार बरं वाटलं. तो जाडजूड गठ्ठा त्यांनी स्वतः समितीच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मग दार बंद झालं. बाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. आतून पानं उलटल्याचे आवाज आले, मग कुणीतरी "कमाल आहे" म्हणालं. तासाभराने साहेब स्वतः बाहेर आले.

"बाई, अशी निष्ठा मी उभ्या जन्मात पाहिली नाही. आमची तर मान खाली गेली. कायम जागा एकमताने एक्केचाळीस नंबरला दिली."

सासूबाईंना आधी सांगायचं की लेकीला, एवढंच बाईंच्या डोक्यात घोळत होतं.

"पत्र आजच गेलं पाहिजे. बसा, टाईप करा."

बाई जागेवर बसल्या. साहेब मागे उभे राहून मजकूर सांगू लागले.

"माननीय हेडक्लार्कबाई, आपण निवृत्त झाल्यावरही घरी बसून, आपल्या एक्केचाळीस नंबरवरून, कसलाही मोबदला न घेता, अकरा वर्षं या कचेरीचं काम करत राहिलात. आपण सन्मानाने परत यावं. आणि हो बाई, हे पत्रात नको, तुमच्या नावावर सर्व्हरला एकही नोंद सापडली नाही, तेव्हा उद्या त्या यायच्या आत खुर्ची रिकामी करा."