नवी सासू, जुनी सासू

सून मुग्धाच्या डोहाळजेवणाची खरेदी सकाळपासून चालली होती आणि दुकानादुकानात वत्सलाबाईंच्या कानावर एकच विषय येत होता. तीस वर्षांपूर्वी 'माप ओलांडताना' या मालिकेतली खाष्ट सासू त्यांनी रंगवली होती. तेव्हा भाजीवाल्यासुद्धा त्यांना तोंडावर शिव्या घालायच्या. आता तीच मालिका नव्यानं लागली होती आणि सगळ्या शिव्या नव्या सासूला पडत होत्या. वत्सलाबाईंना कुणी ओळखतही नव्हतं.

मुग्धाच्या हातात हिरवा चुडा भरता भरता कासारीण म्हणाली, "काल त्या सासूनं सुनेच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. बघवलं नाही हो!"

वत्सलाबाईंचा जळफळाट झाला. ते ताट मुळात त्यांनी ओढलेलं होतं.

"जुन्या सासूपुढं ही काहीच नाही," त्या फणकारल्या.

कासारणीचे हात थांबले. "खरंय. ही खोटी वाटते. जुनीचं बघून आमच्या सासूबाई शिकायच्या. तो ताटाचा भाग लागला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझंही ताट ओढलं. सातवा महिना होता मला."

"अहो, ती सासू म्हणजे आमच्या या..." मुग्धा कौतुकानं सांगायला निघाली. वत्सलाबाईंनी तिचा दंड घट्ट दाबला.

"फार चुकलं हो तिचं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"जाऊ द्या, झालं ते झालं," कासारीण हसली. "तुम्ही कशाला डोळ्यांत पाणी आणता?"