भुईचाफ्याची जागा

पानाचा कुठे पत्ता नव्हता. चैत्रातल्या कोरड्या जमिनीतून भुईचाफ्याची फुलं थेट वर आली होती, पांढरी, मधली पाकळी जांभळी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मृदुला साठे गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी मोबाइलवर त्या जागेची नोंद केली. त्यांच्या शोधनिबंधाला तेवढीच हवी होती.

त्यांना इथवर आणणारे ठाकरवाडीचे पदू उघडे मागे उभे होते. "बाई, ही जागा कागदात छापणार का?"

"छापावीच लागेल. नाहीतर निबंध घेत नाहीत."

"पलीकडच्या डोंगरावर अशीच फुलं होती. एका सायबानं पेपरात जागा छापली. पुढल्या साली लोकं टिकाव घेऊन आली, औषधाला म्हणून सगळे कंद खणून नेले." पदू शांतपणे सांगत होते. "आता तिथं नुसते खड्डे आहेत."

मृदुलाबाईंनी मोबाइलवरची नोंद पुन्हा उघडली. या निबंधावर त्यांची बढती अडली होती. शेवटी त्यांनी ती नोंद पुसली आणि मोबाइल पदूंना दाखवला.

निबंध परत आला, बढती हुकली. पुढल्या चैत्रात वाडीवर गेल्या तेव्हा बोलता बोलता त्यांनी हे सांगितलं. पदू कमरेला कोयता लावून उठले.

"चला बाई, वरच्या कड्याखाली अजून एक जागा आहे. आमच्या वाडीतपण मी ती कुणाला दाखवली नाही."