काकूंचा रिमोट

"आंधळ्या बाईला सिनेमा कशाला?" तिकीट देताना माझ्या बायकोसमोर हे बोललात, मॅनेजरसाहेब. जिभेला हाड नाही तुमच्या.

मी तडक टीव्हीच्या दुकानात गेलो. नेटवरचे सिनेमे टीव्हीवर लावणारे तीन बॉक्स तिथल्या मुलीने पुढे ठेवले आणि बायकोला दिसत नाही हे ऐकून डोळे मिटून एकेक रिमोट चाचपला.

"काका, महागडा नको. त्याची बटणं सपाट आहेत. हा घ्या, काकूंच्या बोटांना कळेल."

सिनेमांची नावं मोठ्याने वाचणारा आवाजही तिनेच चालू करून दिला. त्या पोरीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

घरी बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतः सिनेमा निवडला. विनोदी. हसून हसून तिला ठसका लागला. मग रिमोट माझ्यावर रोखून म्हणाली, "तीस वर्षं मला रडकेच सिनेमे का ऐकवलेत? बोला आता!"