साळूबाईचा निवद

सोनं गाळायच्या धंद्यापायी संपत दोन वर्षं गुवाहाटीतून हलला नव्हता. आई, साळूबाई, गेल्याचं कळल्यावर तसाच निघाला, पण कवठे महांकाळला पोचेपर्यंत तिला अग्नी देऊन झाला होता. रोज व्हिडिओ कॉलवर तोंडाला पदर लावून हसणारी आई त्याला शेवटची बघायलाही मिळाली नाही.

सावडायच्या दिवशी निवद मात्र त्यानं स्वतःच्या हातानं मांडला. आईच्या आवडीची कडक बाजरीची भाकरी, भाजलेल्या शेंगा, गुळाचा खडा. समोरच्या लिंबावर कावळे बसून होते, पण एकही शिवेना. ऊन चढलं तसे भावकीतले हात जोडायला लागले.

"वैनी, दादाला आमी बघतो. काळजी करू नगा."

"आई, मी आता हितंच ऱ्हातो. खा गं," संपत रडत म्हणाला.

कावळे हलले नाहीत.

तेव्हा त्याचे वडील काठी टेकत उठले. निवदापुढं बसले, भाकरी कुस्करली आणि तांब्यातलं दूध ओतून बोटांनी तिचा मऊ काला करायला लागले.

"आवं आण्णा, ह्ये काय करताय? तिला भाकरी कडकच लागती," संपत म्हणाला.

म्हातारा मान वर न करता म्हणाला,



"समदं दात पडलं हुतं रं तिचं. वरीसभर हिरड्यांवरच जेवली. तू घोर लावून घेशील म्हणून फोनवर तोंडाला पदर धरायची."